बक्षीसपत्र : तिसऱ्या वर्षाच्या निरोपाची नोंदवही

3 फेब्रुवारी 2025

सोलापुरातल्या गड्डा जत्रेतले पाळणे उतरले की आमच्याकडे निरोप समारंभाची बैठक बसते. आज बसली. बी.कॉम. तिसरं वर्ष, हजर 41, बोलणारे 6. जेवणात काय आणि फेटे कुणी आणायचे यातच पाऊण तास गेला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "फिशपाँड ठेवा की बे, त्याशिवाय काय मजा?" सगळ्यांनी बाक बडवले.

मी नको म्हणालो. का नको, ते तिथं सांगितलं नाही. मग काय ठेवू, असं विचारल्यावर तोंडाला आलं ते बोललो. अमेरिकेतल्या शाळांमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं गमतीचं मृत्युपत्र लिहितात आणि ते वार्षिक अंकात छापतात. आपल्या खोडी, सवयी, कला मागं राहणाऱ्यांना वाटून टाकायच्या. झोप अमक्याला, बाक तमक्याला, उरलेला संयम सरांना.

"म्हणजे आपलं आपणच काढायचं?"

"हो. फिशपाँडात बिननावाच्या चिठ्ठीतून दुसऱ्याचं काढतात, यात आपलं."

टाळ्या कमीच पडल्या, पण अकाउंट्सच्या मॅडमनी होकार दिला. अट एकच, रोजची नोंदवही ठेवायची, खर्चासकट. कॉमर्सच्या पोरांनी हिशोबाशिवाय हसायचं नाही म्हणे. फळ्यावर सूचना मीच लिहिली. ती वाचून मॅडम म्हणाल्या, "तुझा ण सुधार रे. तीन वर्षं सांगतेय, पोट सुटल्यासारखा दिसतो."

वहीत नावं लिहिणार नाही, टोपणनावंच. वही तपासली जाणार आहे.

वर्गणी डोई 20 रुपये, 60 जणांचे 1200. आज जमा 180.

5 फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती कडक भाकरी आमटीत चुरत होती. हात थांबला. "परीक्षा तोंडावर आल्यात आणि मृत्युपत्र लिहायलाय? जिभेला काही हाड?" देवापुढं जाऊन माझ्या वतीनं माफी मागून आली.

धाकटे काका कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसतात. त्यांना मात्र विषय फार आवडला. हातातला चहा खाली न ठेवता त्यांनी आख्खा मायना पाठ म्हणून दाखवला : "मी खाली सही करणार, वय वर्षे अमुक, धंदा तमुक, राहणार सोलापूर, शरीराने व मनाने सुदृढ असून, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने लिहून ठेवतो की..." मृत्युपत्राला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो, कलम 63. निदान दोन साक्षीदार हवेत. आणि लिहिणारा जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येतं.

"पण ते लागू कधी होतं? माणूस गेल्यावर. तुम्ही कुठं चाललाय? पुण्याला. त्याला मरण म्हणत नाहीत. जितेपणी द्यायचं तर बक्षीसपत्र करा." ते 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात येतं, कलम 122. देणाऱ्यानं मोबदला न घेता राजीखुशीनं द्यायचं, आणि घेणाऱ्यानं ते स्वीकारायला हवं, तेही देणारा हयात असताना. मृत्युपत्र करताना समोरच्याला विचारावं लागत नाही. बक्षीसपत्र त्याच्या होकाराशिवाय पुरंच होत नाही.

हे ऐकलं आणि मी चहा तसाच सोडून उठलो. फॉर्म बदलला. देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार, आणि खाली घेणाऱ्यानं स्वतःच्या अक्षरात लिहायचं : 'राजीखुशीने घेणार'. त्यानं लिहिलं नाही तर ती चिठ्ठी छापायची नाही.

आईलाही हे नाव चाललं.

7 फेब्रुवारी

मागवाल्याची कल्पना : पुस्तिका कशाला, टॉवेलच विणू. त्याच्या नायनांचे, म्हणजे वडिलांचे, साखर पेठेत माग आहेत. प्रत्येकाचं बक्षीस टॉवेलच्या पट्टीत, कायमचं. आम्ही सगळे हुरळून त्याच्या घरी गेलो. नायनांनी आम्हाला जेकार्डाखाली, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्राखाली, उभं केलं आणि वर बघा म्हणाले. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ छतापासून लोंबत होती. बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा पडतो तेव्हा एक पुठ्ठा पुढं सरकतो. वीतभर मजकुरालाही शेकडो पुठ्ठे पाडावे लागतील, आणि 60 जणांचा मजकूर 60 प्रकारचा. "एकसारखे हजार टॉवेल घेता का? मग करू." आम्ही शेंगा खाल्ल्या आणि परत आलो.

पुस्तिकाच.

आज जमा 340. एकूण 520.

11 फेब्रुवारी

पहिल्या 31 चिठ्ठ्या आल्या. वाचल्या आणि डोकं धरलं. 19 जणांनी सांगूनही दुसऱ्याचंच काढलं आहे. 'अमकीचा मेकअप तमकीला.' 'ढमक्याचं टक्कल सरांना.' बाकीच्यांनी 'माझी हुशारी ज्युनियरांना' असलं काहीतरी गुळगुळीत. आपल्या खोडीवर हसायचं म्हटलं की पोरं अचानक सद्गुणी होतात.

सगळ्या परत केल्या. शेवटच्या बाकावरचा तापला. "तू कोण बे सेन्सॉर बोर्ड? फिशपाँडला तुझ्याच चिठ्ठ्या सगळ्यात भारी असायच्या."

ते खरं आहे, म्हणून इथं लिहून टाकतो. पहिल्या वर्षी गॅदरिंगला मी एक चिठ्ठी टाकली होती, अर्थात बिननावाची. वर्गात विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, येणारी एक मुलगी आहे. घरी तेलुगू, मराठी बोलताना लिंगाचा घोळ व्हायचा. चिठ्ठी अशी :

पाणी 'आली', बस 'गेला', चहा 'झाली' गार,
व्याकरणाच्या पोटात हिने खुपसली कट्यार.

हॉल कोसळला. निवेदकाला दोनदा वाचावं लागलं. मी चौथ्या रांगेत बसून इतरांच्याइतकाच हसलो, संशय नको म्हणून जरा जास्तच. चिठ्ठी तिच्या हातात दिली गेली, तशी पद्धतच आहे. तिनं घडी घालून ती पर्समध्ये ठेवली.

त्यानंतर तिला मी वर्गात पूर्ण वाक्य बोलताना ऐकलं नाही. 'येस मॅडम', 'नो मॅडम', आणि उत्तर विचारलं की आकडा. आकड्यांना लिंग नसतं. हे माझ्या लक्षात यायला दीड वर्ष लागलं.

सोलापुरात हे करावं, याची आणखी लाज वाटते. इथं एका गल्लीत तीन भाषा नांदतात. माझी स्वतःची आजी कानडी माहेरची, 'चावी हरवला' म्हणायची, आणि तिला कुणी हसलेलं मला आठवत नाही.

14 फेब्रुवारी

ग्रंथपाल सरांकडे गेलो, नमुना मिळतो का बघायला. त्यांनी चष्मा शोधला (कपाळावर होता) आणि सांगितलं की हा प्रकार अमेरिकेचा असला तरी गमतीचं मृत्युपत्र फार जुनं आहे. लॅटिनमध्ये साधारण चौथ्या शतकातलं एका डुकराच्या पिल्लाचं मृत्युपत्र आहे. स्वयंपाकी सुरी घेऊन आलाय, पिल्लू तासाभराची सवलत मागतं आणि वाटप करतं : राठ केस चांभारांना, कान बहिऱ्यांना, जीभ वकिलांना, घोटे धावणाऱ्यांना, मूत्राशय पोरांना, बहुधा फुगवून खेळायला. शाळकरी पोरं ते वाचून खिदळायची, अशी संत जेरोमची तक्रारही आहे.

पिल्लू पण स्वतःचंच देत होतं, हे मी लगेच वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "त्याची सुरी समोर होती बे, आमचा फक्त सेमिस्टर सहा आहे."

आपल्याकडे शेलापागोटी, म्हणजे एकेकाला चिमटे काढणाऱ्या ओळी, आहेत, तेही सर म्हणाले. पण ती पुन्हा दुसऱ्याच्या डोक्यावर बांधायची.

18 फेब्रुवारी

आता माल येऊ लागला. काही उतरवून ठेवतो.

मोहोळहून येणारा 'लेटमार्क' : "एसटी पंक्चर झाली, हे माझं स्वकष्टार्जित कारण दुसऱ्या वर्षातल्या पंढरपूरकराला. आठवड्यातून एकदाच वापरावं. सर त्याच एसटीत असतील तर वापरू नये, मी वापरून पाहिलं आहे."

'पंचांग' (हिला सगळ्यांचे वाढदिवस आणि नळाच्या पाळ्या पाठ) : "'आज आमच्याकडं पाणी यायचा दिवस आहे, जाऊ का?' ही रजा प्रथम वर्षाच्या सर्व मुलींना समाईक. खातरजमा करायला मॅडम घरी येत नाहीत, कारण त्यांच्याकडंही त्याच दिवशी येतं."

हजेरीला सात आवाजांत 'येस सर' म्हणणारा : "चार आवाज धाकट्या भावाला, तो याच कॉलेजात येतोय. दोन मित्रांना. एक माझ्याकडं ठेवतो, मुलाखतीला लागेल."

होस्टेलवरची मंगळवेढ्याची : "माझा कडकपणा अकाउंट्सच्या मॅडमना. तो ज्वारीच्या कडक भाकरीसारखा आहे, आठ दिवस मोडत नाही, पण आमटीत बुडवला की लगेच मऊ. मॅडमचाही तसाच आहे, फक्त आमटी कोणती ते आम्हाला तिसऱ्या वर्षी कळलं." मॅडमनी हे वाचून चष्मा पुसला आणि 'राजीखुशीने घेणार' लिहिलं. कोणती आमटी, ते विचारलं नाही.

वाद झाला तो पंख्याखालच्या बाकावर. खोली 14 मध्ये चार पंखे, फिरतो एक. मार्च-एप्रिलात त्याच्या खालची जागा म्हणजे नवी पेठेतला गाळा. ती तिघांनी तिघांना दिली. काकांना फोन केला. त्यांनी निकाल दिला, बाक जमिनीला ठोकलेला आहे ना, मग ती स्थावर मालमत्ता. स्थावराचं बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं, कलम 123. झोप, आवाज, कारणं ही जंगम, हातोहात दिली तरी भागतं. म्हणून शिपाई मामांना दुय्यम निबंधक नेमलं. त्यांनी तिन्ही दावे ऐकून बाक स्वतःच्या नावावर करून घेतला. दुपारचा डबा तिथं खाणार म्हणाले.

19 फेब्रुवारी

शिवजयंती. काम शून्य, घसा बसला.

24 फेब्रुवारी

मॅडमची तपासणी. पुस्तिकेच्या सुरुवातीला आम्ही वर्गाचा ताळेबंद टाकला होता, मालमत्तेच्या बाजूला पहिलीच ओळ 'ख्याती', म्हणजे गुडविल. मॅडमनी लाल पेन काढलं. "लेखा मानक 26 काय सांगतं? ख्याती विकत घेतली असेल तर दाखवायची. घरच्या घरी कमावलेली मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही." खोडली. तीन वर्षांत कमावलेलं तेवढंच होतं.

पुढं विचारलं, "देणी कुठायत?" आम्ही एकमेकांकडं बघितलं. "वारसा वाटायच्या आधी मयताची देणी भागवतात. तुमचं बक्षीसपत्र असलं म्हणून काय झालं, उधारी बुडवून दानशूर व्हायचं नाही." कॅन्टीनच्या मावशींची वही मागवली. वर्गाच्या नावावर 2215 रुपये. त्यातले 640 एकट्या लेटमार्कचे. एसटी पंक्चर असताना हा कॅन्टीनमध्ये असायचा, हे तारखांवरून सिद्ध झालं.

चार दिवसांत फेडायचं ठरलं.

27 फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. सकाळी शुद्ध मराठीवर भाषणं झाली, दुपारी विभागप्रमुखांनी आमचं हस्तलिखित बघितलं. त्यामुळे वेळ चुकीची पडली. अडकलं ते शेवटच्या बाकावरच्याच्या चिठ्ठीवर :

"माझ्या तोंडातला 'बे' पुण्याहून आलेल्या इकॉनॉमिक्सच्या सरांना. मित्राला प्रेमानं लावावा, रिक्षावाल्याला जपून, विभागप्रमुखांना कधीच नाही. वाक्याच्या शेवटी हलका सोडावा. जोर दिला तर भांडण, सोडला तर मैत्री."

विभागप्रमुख म्हणाले, हा शब्द छापील मजकुरात शोभत नाही. मी बोलायला तोंड उघडलं तोवर इकॉनॉमिक्सचे सर स्वतःच आले. कॉलेजात नवे आले तेव्हा त्यांना कुणीतरी 'चला की बे' म्हटल्यावर आठवडाभर बोलले नव्हते, हे सगळ्यांना माहीत. त्यांनी फॉर्म ओढला आणि लिहिलं : 'राजीखुशीने घेणार बे.'

जोर जरा जास्त पडलाय, पण शिकतील.

4 मार्च

दोन चिठ्ठ्या कानडीत, एक तेलुगूत आली. टाइप करायला गेलो तर जोडाक्षरं फुटली. जशाच्या तशा हस्ताक्षरात घेतोय. भाषांतर नाही. ज्याला दिलंय त्याला कळतं.

59 आल्या. साठावी 'घरकुल'ची, त्या फिशपाँडवाल्या मुलीची. तिला फॉर्म दिला तेव्हा म्हणाली, "कधीपर्यंत?" मी म्हणालो दहा तारीख. "ओके."

10 मार्च

झेरॉक्स. 24 पानी पुस्तिका, म्हणजे दुमडलेले 6 ताव, 70 प्रती. पाठपोट ताव 2 रुपयांनी 840. कव्हरचा पुठ्ठा 210. पिना 40.

तिची चिठ्ठी आली नाही. शेवटचं पान कोरं सोडलं.

11 मार्च

पिना वाया. आपला नेहमीचा स्टेपलर पानाच्या कडेपासून दोन-तीन इंच आत पोचतो, पुस्तिकेच्या मधल्या घडीपर्यंत त्याचा हात जातच नाही. लांब हाताचा कुठं मिळेना. दुपारचे तीन, पंखा एक, तो मामांच्या डोक्यावर. सत्तर पुस्तिका सुट्या पडलेल्या.

मागवाला म्हणाला, शिवू. दोरा कुणाकडं? घरकुल दारात उभी होती, कधी आली कळलं नाही. तिनं पिशवीतून विडीच्या दोऱ्याचं रीळ काढलं. आम्ही दहा रुपयांची सुई आणली.

मग बघत बसावं असं झालं. ती ताव हातात घ्यायची तेव्हाच सहा असायचे, मोजत नव्हती. कडा दोन्ही तळव्यांत ठोकून एकसारख्या करायची, अंगठ्याचं नख मधोमध एकदाच ओढायची, घडी सुरीसारखी बसायची. तीन टोचे, आत गाठ. दोरा दातांनी तोडत नव्हती. उजव्या तर्जनीला गुंडाळून एक झटका, की तुटला. विडीचं तोंड बंद करतानाही नख असंच आत दाबायचं असतं, असं तिनं पंचांगला दाखवलं, हातानं, न बोलता. आम्ही चौघं मिळून 11 केल्या. तिनं 59.

मी तिच्याशेजारी बसलो होतो. म्हटलं, "ऐक ना, पहिल्या वर्षी..."

"किती राहिले?"

"चार. पण मी म्हणत होतो..."

"चार नाही, तीन," ती म्हणाली आणि पुढचे ताव ठोकले.

जाताना चिठ्ठी दिली. बंद. वर लिहिलेलं : 'उद्या उघडायची. मी वाचणार.'

12 मार्च

निरोप समारंभ. फेटे नीट बांधलेले कुणाचेच नव्हते. वाचनाला दीड तास लागला. ग्रंथपाल सरांना 'हरवलेलं शोधायची नजर' मिळाली, ती घ्यायला त्यांना चष्मा लागला. मावशींना लेटमार्कनं रोख 640 आणि 'पुन्हा उधार न मागण्याचा निर्धार' दिला, मावशींनी रोख घेतली, निर्धार साफ नाकारला, "हा काय टिकणारा माल नाही." कायद्यानं त्यांना तो हक्क आहे.

शेवटी ती उठली. माइक जरा खाली केला. वाचलं ते तिच्या परवानगीनं इथं उतरवतो :

"मी, वय 21, धंदा शिक्षण आणि विडी, राहणार विडी घरकुल, मनानं सुदृढ, राजीखुशीनं लिहून देते की, माझे तिन्ही लिंग, म्हणजे पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग, जसं आहे तसं, विस्कटलेला, या पुस्तिकाच्या संपादकाला. त्याला पहिल्या वर्षापासून त्यांची लई काळजी आहे. यापुढं पाणी आली का आला, ते त्यानं बघावं. मला नळाला हंडा लावायचं असतं. मूळ दस्त सोबत जोडला आहे. 'पाणी' आणि 'व्याकरण' या दोन शब्दांतला ण बघावा. साक्षीदार : फळा, खोली 14."

चिठ्ठी जोडली होती. चार घड्यांच्या रेघा, मध्ये माझा ण.

हॉलला अर्धं कळलं, अर्धं नाही. ज्यांना कळलं ते गप्प झाले. मॅडमनी फळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. सगळ्यात आधी हसली ती घरकुलच, माइकवरच, आणि मग हसू सगळीकडं गेलं. तिनं फॉर्म टेबलावर ठेवून पेन पुढं केलं. घेणाऱ्याची जागा रिकामी होती.

मी 'राजीखुशीने घेणार' लिहिलं. ण तसाच आला, पोट सुटलेला.

13 मार्च

होळी. हिशोब बंद.

जमा 1200. खर्च : झेरॉक्स 840, पुठ्ठा 210, पिना 40, सुई 10. एकूण 1100. दोऱ्याचे पैसे तिनं घेतले नाहीत. शिल्लक 100 रुपये, पाकिटात घालून दुसऱ्या वर्षाच्या वर्गप्रतिनिधीकडं. त्याची पोच सोबत.

येणे : काही नाही.

देणे : एक निळं पेन, तिचं, माझ्या खिशात राहिलं.